सेंच्युरियन, १:३५ : बुरूज उत्तम, पट्ट्यांनी मात्र घाम काढला

१९७१च्या बसंतरच्या लढाईत भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स या रेजिमेंटने वापरलेल्या सेंच्युरियन रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातील प्रतिकृतीचा हा संच जोडताना बुरुजाचे (तोफ असलेल्या वरच्या फिरत्या भागाचे) तुकडे लांबी (फटी बुजवायची पुट्टी) न भरताही फटीविना बसले, आणि नगरच्या संग्रहालयात खरा सेंच्युरियन पाहिलेला असल्याने ओतीव पोलादाचा खरखरीतपणाही ओळखीचा वाटला. चाकांभोवतीचे व्हिनिलचे पट्टे मात्र इतके ताठ निघाले की एका बाजूच्या सहापैकी शेवटचे चाक अधांतरी उचलले गेले आणि ते मला रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवावे लागले. पाण्यात भिजवून लावायची चिन्हे मॅट रंगावर पांढुरकी दिसतात, त्यामुळे आधी चकचकीत वार्निशचा एक हात द्यावाच. चिन्हे फक्त ब्रिटिश आहेत (हे खटकलेच). भारतीय चिन्हे हाताने रंगवावी लागतात.