निक्स की मॅव्ज? स्टार ज्यांना नाही म्हणतात अशा दोन टीमपैकी कुठली पकडायची

एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) नवीन बघायला लागलेल्या पोरांचा नेहमीचा प्रश्न, टीम कुठली पकडू? लेकर्स-वॉरियर्स सगळेच पकडतात म्हणून ते नको असणारे बरेच जण न्यूयॉर्क निक्स आणि डॅलस मॅव्हरिक्स (मॅव्ज) यांच्यात येऊन अडकतात. दोन्ही मोठी शहरं, पैसा बख्खळ, आणि दोघांना रोगही एकच. उन्हाळा आला की कॅप स्पेस मोकळी करून बसायचं आणि ज्याच्यासाठी बसलो तो दुसरीकडे सही करून मोकळा. मी निक्सवाला आहे, हे आधीच सांगतो, पुढचं त्या हिशोबाने वाचा.

आधी ही कॅप स्पेसची भानगड. प्रत्येक टीमच्या पगारांच्या एकूण बेरजेवर मर्यादा असते, बाहेरचा मोठा स्टार आणायचा तर त्या मर्यादेत जागा लागते, म्हणजे हातातले चांगले खेळाडू सोडा. त्यात नियम असा की जुनी टीम आपल्या खेळाडूला पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊ शकते, बाहेरच्यांना चारच वर्षांचं देता येतं आणि वार्षिक वाढही कमी. म्हणजे मागणं घालणारा सुरुवातीपासूनच मागे. तरी या दोघांना वाटायचं की आपलं नाव ऐकूनच स्टार धावत येईल.

निक्सनी 2010 च्या उन्हाळ्याची तयारी 2008 पासूनच चालू केली होती, जमाल क्रॉफर्ड आणि झॅक रँडॉल्फ यांना एकाच दिवशी ट्रेड करून दुसऱ्या टीमना देऊन टाकलं, सगळं तेव्हाचा मोठा स्टार लेब्रॉन जेम्ससाठी. 8 जुलै 2010 ला लेब्रॉनने टीव्हीवर सांगितलं की मायामीला चाललो. निक्सच्या हाती लागला अमारे स्टॉडमायर, पाच वर्षं, जवळपास 100 मिलियन डॉलर, आणि त्याच्या गुडघ्यांमुळे त्या कॉन्ट्रॅक्टचा विमाच होत नव्हता. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या टीमला नवरा मिळाला तोही गुडघेदुखीवाला! पहिलं वर्ष अमारे जबरी खेळला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये (निक्सचं स्टेडियम) त्याच्या नावाने एमव्हीपीच्या (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) घोषणा व्हायच्या, पण नंतर शरीराने साथ सोडली. मग घाई बघा, कार्मेलो अँथनी 2011 च्या उन्हाळ्यात फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपून कुठेही सही करायला मोकळा) होऊ शकत होता तरी फेब्रुवारी 2011 मध्येच त्याच्यासाठी गॅलिनारी, विल्सन चँडलर, फेल्टन, मोझगोव्ह आणि वर ड्राफ्ट पिक्स (नवीन पोरं निवडायचे हक्क) देऊन टाकले.

पण खरी नामुष्की 2019 ची. जानेवारीत आपला तरुण स्टार पोर्झिंगिस याला डॅलसला पाठवून दोन मॅक्स (नियमात बसेल तेवढा मोठ्यात मोठा पगार) कॉन्ट्रॅक्टची जागा केली, मालक जेम्स डोलनने रेडिओवर जाऊन सांगितलं की आम्ही जे ऐकतोय त्यावरून उन्हाळा फार छान जाणार आहे, टीम त्या सीझनला 82 पैकी 17 मॅच जिंकली तरी फॅन गप्प, कारण फ्री एजंट होणारा स्टार केव्हिन ड्युरंट येणार. 30 जूनला ड्युरंट आणि कायरी अर्विंग दोघं गेले ब्रुकलिन नेट्सला. त्याच शहरात, पूल ओलांडून पलीकडे! मग बातमी आली की ड्युरंटच्या टाचेच्या दुखापतीमुळे निक्स त्याला पूर्ण मॅक्स द्यायला तयारच नव्हते. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. ड्युरंट स्वतः पुढे एका मुलाखतीत साधारण असं बोलला की आताच्या पोरांनी निक्सना चांगलं खेळताना पाहिलेलंच नाही, त्यांना त्या नावाचं कौतुक कसलं. झोंबलं, पण बरोबर होतं. त्याच्याही आधी 2017 मध्ये निक्सचा जुना लाडका खेळाडू चार्ल्स ओकली याला गार्डनमधून गार्ड लावून बाहेर काढलं होतं, तेही लीगमधल्या सगळ्यांनी पाहिलेलं. मालक असा म्हटल्यावर कोण येणार?

आता डॅलस. इथे मालकाची अडचण उलटी होती, तेव्हाचा मालक मार्क क्युबन खेळाडूंचे लाड करणारा म्हणूनच प्रसिद्ध. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, न्यूयॉर्कमध्ये राज्याचा वेगळा आणि शहराचा वेगळा. डर्क नोवित्स्कीसारखा माणूस टीममध्ये, ज्याने 2014 मध्ये स्वतःचा पगार कापून तीन वर्षं फक्त 25 मिलियनमध्ये सही केली, म्हणजे बाकीच्यांना जागा मिळावी. आणि मुख्य म्हणजे 2011 चं चॅम्पियनशिप, तेही लेब्रॉनच्या मायामीला हरवून.

आणि मग यांनी काय केलं, चॅम्पियन टीमच मोडली. टायसन चँडलर, ज्याच्याशिवाय ते जिंकले नसते, त्याला जाऊ दिलं (तो गेला निक्सकडे, आणि पहिल्याच सीझनला डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झाला), कारण क्युबनला पुढच्या उन्हाळ्यांसाठी कॅप स्पेस हवी होती. 2012 ला डेरॉन विल्यम्स, डॅलसच्याच भागात वाढलेला, घरी येईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्याच्याबरोबरच्या मीटिंगला क्युबन टीव्ही शोच्या शूटिंगमुळे हजरच नव्हता, विल्यम्स नेट्सकडेच राहिला आणि नंतर म्हणाला की मालक असता तर माझ्या प्रश्नांना नीट उत्तरं तरी मिळाली असती. 2013 ला ड्वाइट हॉवर्डही डॅलसला नाही म्हणून ह्यूस्टनला गेला.

2015 तर ऐकण्यासारखं आहे. क्लिपर्सचा सेंटर डीअँड्रे जॉर्डन 3 जुलैला डॅलसला हो म्हणाला, चार वर्षं, 80 मिलियन. पण जुलैचे पहिले काही दिवस सह्या करता येत नाहीत, नुसता शब्द द्यायचा. त्या मधल्या दिवसांत साहेबांचं मन बदललं, क्लिपर्सचे खेळाडू आणि कोच ह्यूस्टनला त्याच्या घरी जाऊन बसले, ब्लेक ग्रिफिनने दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवल्याचा फोटो ट्विट केला, आणि मध्यरात्र उलटताच गडी क्लिपर्सला सही करून मोकळा. क्युबन बाहेरच.

या जॉर्डनचा पुढचा प्रवास लक्षात ठेवा. 2018 ला तो एका वर्षासाठी डॅलसला आलाच, ऐन भर ओसरल्यावर. सहा-सात महिन्यांत पोर्झिंगिसच्या ट्रेडमध्ये त्याला निक्सकडे पाठवलं, आणि 2019 च्या उन्हाळ्यात तो ड्युरंट-कायरीबरोबर ब्रुकलिनला. एकाच माणसाने दोन्ही टीमना टांग दिली, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

मग फरक काय दोघांत? माझ्या मते न्यूयॉर्कला नकार मिळायचे ते तिथल्या कारभारामुळे आणि डॅलसला मिळायचे ते त्यांच्या लहरीमुळे. न्यूयॉर्कला मालक बदलणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी पद्धत बदलली. 2020 मध्ये लिऑन रोझ प्रेसिडेंट झाला, हा आधी खेळाडूंचा एजंट, सगळ्यांचे आई-बाप, कोच, कोण कुणाचा दोस्त ते याला पाठ. मोठ्या नावांमागे धावणं बंद. आणि 2022 ला आला जेलन ब्रन्सन, चार वर्षं 104 मिलियन. तेव्हा कुणी त्याला स्टार म्हणत नव्हतं.

कुठून आला? डॅलसहून! 2018 च्या ड्राफ्टमध्ये 33 वा, दुसऱ्या राउंडचा पोरगा. 2022 च्या प्लेऑफमध्ये डॅलसचा स्टार लुका डॉन्चिच पोटरी धरून बाहेर बसलेला असताना यूटाविरुद्ध दुसऱ्या मॅचला याने 41 पॉइंट मारले. त्याआधी चार वर्षं 55 मिलियनच्या आसपास एक्स्टेन्शन देऊन त्याला बांधून ठेवता आलं असतं, डॅलसने टाळाटाळ केली. दहा वर्षं स्टार शोधत हिंडले आणि काखेत कळसा होता. निक्सने ब्रन्सनचे वडील रिक यांना असिस्टंट कोच म्हणून घेतलं होतं, रिक हे रोझचे जुने क्लाएंट, आणि वेळेआधी बोलणी केल्याबद्दल लीगने निक्सचा एक सेकंड राउंड पिक कापून घेतला. एका पिकात ब्रन्सन म्हणजे फुकटच म्हणायचा! 2024 ला तर त्याने एक वर्ष थांबून 269 मिलियन घेण्याऐवजी 156.5 वर सही केली, टीमला जागा राहावी म्हणून. 2025 मध्ये निक्स 2000 नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे लीगच्या सेमीफायनलला) पोचले.

डॅलसच्या बाजूने बोलायचं तर 2018 ला लुका मिळाला तो ड्राफ्टमधून, कायरी आला तो 2023 च्या ट्रेडमधून, आणि 2024 ला क्ले थॉम्पसन स्वतःच्या मर्जीने आला, वय 34 का असेना. त्याच वर्षी, तो यायच्या आधी, त्यांनी फायनल खेळली. आणि मग फेब्रुवारी 2025 ला अर्ध्या रात्री लुकालाच लेकर्सना देऊन टाकलं. बाहेरचे स्टार येत नव्हते ते एक वेळ ठीक, पण ड्राफ्टमधून मिळालेला, रुळलेला, फायनलला नेणारा आपणच घालवायचा म्हणजे कमाल आहे. आता एखादा फ्री एजंट तिथे जाताना विचार करणारच की लुकाला विकलं तर माझं काय. तीन महिन्यांनी 1.8 टक्के शक्यता असताना ड्राफ्टची लॉटरी (पहिला पिक कुणाला ते ठरवणारी सोडत) लागून त्यांना कूपर फ्लॅग हा तरणा पोरगा मिळाला, नशीब म्हणतात ते हेच.

तर ठरवा असं. तरणा पोरगा पहिल्यापासून मोठा होताना बघायचा असेल, त्यात मधली एखाद-दोन वर्षं वाया जाणं चालत असेल, तर मॅव्ज. तयार टीम, जिच्यात येणारे एकमेकांना कॉलेजपासून ओळखतात (ब्रन्सन, हार्ट आणि ब्रिजेस तिघं व्हिलानोव्हाचे), ती हवी तर निक्स, मी तरी हेच सांगेन. फ्लॅगचं कॉन्ट्रॅक्ट संपत येईल तेव्हा डॅलस काय करतं ते बघून मग टीम बदला हवं तर, आम्ही घेऊ.

न्यू जर्सीत एडिसनला राहत असाल तर ट्रेनने पेन स्टेशन, वरच गार्डन आहे, फक्त तिकिटाचा आकडा बघून चक्कर येईल. डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोवाल्यांना प्रश्नच नाही. पुण्या-मुंबईत बसून बघणाऱ्यांसाठी निक्सची घरची मॅच बहुतेक वेळा हिवाळ्यात सकाळी 6 ला आणि मार्चनंतर 5 ला, डॅलसची त्यापेक्षा तासभर उशिरा. ऑफिस 9 चं असेल तर डॅलसचा चौथा क्वार्टर बसमध्येच बघावा लागेल.