कापसाच्या हंगामात मेमरी बलूनिंग आणि हॉटप्लग: वापरानंतरचा अनुभव

जळगावच्या आमच्या सर्व्हरवर धरणगाव, जामनेर, चोपडा भागातल्या जिनिंगवाल्यांच्या काटापावत्या आणि खरेदीचे हिशेब चालतात. एकाच मशीनवर (होस्ट) केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीने चालणारे बरेच व्हीएम, म्हणजे आभासी संगणक (गेस्ट) आहेत. दिवाळीनंतर कापूस जोरात येतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. म्हणून गरज असेल त्या व्हीएमला चालू असतानाच रॅम द्यायची आणि हंगाम सरला की काढून घ्यायची, ही सोय आमच्या कामाला फार जवळची. पूर्ण हंगाम वापरल्यावर माझं मत असं, की रॅम देणं सोपं आहे, पण दिलेली परत घेताना जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात जास्त त्रास बलूनिंगचा, म्हणजे चालू व्हीएमकडून रॅम परत घेण्याच्या युक्तीचा. गेस्टच्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) व्हर्टिओ बलून ड्रायव्हर स्वतः पेजेस (रॅमचे छोटे तुकडे) अडवतो आणि होस्टला वापरायला देतो. व्हीएमवेअरच्या कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ च्या शोधनिबंधात मांडलेली ही युक्ती हुशारीची आहे, यात वाद नाही. पण बलून फुगला की गेस्टमध्ये आधी पेज कॅश, म्हणजे रॅममध्ये ठेवलेला डिस्कवरचा डेटा, जाते. पोस्टग्रेस डेटाबेस चालूच राहतं, फक्त रॅममधून मिळणारा डेटा डिस्कवरून यायला लागतो. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, शेतकरी पावतीसाठी उन्हात ताटकळतो आणि ऑपरेटरचा फोन येतो, "भाऊ, आज नेट स्लो आहे का?" नेट व्यवस्थित असतं. रॅम दाखवणारी ‘फ्री’ कमांड दिली तर ८ जीबीच्या व्हीएममध्ये एकूण रॅमच ५ जीबी दिसते. बलूनबद्दल माहीत नसलेला माणूस मग भलतीकडेच शोधत बसतो.

त्यानंतरची पायरी ओओएम किलरची, म्हणजे रॅम संपली की प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेची. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर (त्याने स्वतःसाठी राखलेली रॅम) सुरू होतानाच ठरतात, ते बलूनच्या मर्जीने आक्रसत नाहीत. कर्नल लॉगमध्ये ‘आऊट ऑफ पफ’ दिसलं, तर बलूनलाही पेज मिळेनासं झालंय असं समजा आणि लगेच होस्टकडे बघा. ‘डिफ्लेट ऑन ओओएम’ चालू ठेवलं तर अगदी अडचणीच्या क्षणी बलून रॅम सोडतो, आम्ही ते चालू ठेवलंय. मात्र मग ‘फ्री’मध्ये एकूण रॅम कमी झालेली दिसत नाही, त्यामुळे बलूनचा आकार होस्टवरूनच तपासावा लागतो.

हॉटप्लगने, म्हणजे व्हीएम चालू असतानाच, रॅम वाढवणं छान चालतं. नवी रॅम साधारण १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये येते. ती आपोआप ऑनलाइन (वापरासाठी खुली) व्हायची सेटिंग गेस्टमध्ये नसेल तर रॅम लावलेली असूनही वापरात येत नाही. शिवाय प्रत्येक ४ केबी पेजच्या नोंदीला ६४ बाइट लागतात, म्हणजे १ जीबीमागे १६ एमबी. आधीच तंगीत असलेल्या गेस्टला तेवढेही जड जातात, तेव्हा आग लागण्याआधीच रॅम वाढवा.

काढताना मात्र ब्लॉकमधलं एकच पेज कर्नलला हलवता आलं नाही, तरी अख्खा ब्लॉक अडकतो. त्यावर उपाय म्हणून सगळी नवी रॅम ‘मूव्हेबल’ झोनमध्ये (फक्त हलवता येणाऱ्या पेजेसचा भाग) टाकायची, तर कर्नलच्या स्वतःच्या वाटपाला ती चालत नाही. सुरुवातीपासूनच्या छोट्या (बूट) रॅमवर मोठी मूव्हेबल रॅम चढवली, की हजारो एमबी मोकळे दिसत असताना कर्नल उपाशी राहतो. हे प्रमाण फार जपावं लागतं.

आम्हाला खरा आराम दिला तो व्हर्टिओ-मेम या ड्रायव्हरने. २०२० च्या लिनक्स ५.८ पासून तो कर्नलमध्ये आहे आणि रॅम लहान तुकड्यांत देतो-घेतो. मागितलेली सगळी परत मिळेलच असं नाही, पण काहीतरी हाती लागतं. त्याच वर्षीच्या ५.७ मधलं ‘फ्री पेज रिपोर्टिंग’ही मनापासून सुचवतो: गेस्ट मोकळी पेजेस होस्टला कळवतो, होस्ट ती वापरतो आणि गेस्टला लागली की पुन्हा मिळतात.

सध्या डेटाबेसच्या व्हीएमला ठरलेली रॅम आहे, त्याचा बलून पूर्ण बंद. हंगामातली जादा रॅम वेब ॲपच्या व्हीएमना व्हर्टिओ-मेमने जाते. सेंटओएस ७ या लिनक्सच्या जुन्या गेस्टमधल्या ३.१० कर्नलला व्हर्टिओ-मेम आणि फ्री पेज रिपोर्टिंग दोन्ही मिळत नाहीत, म्हणून पुढचा कापूस यायच्या आत ते गेस्ट बदलायला घेतलेत.