महागडा डॅक घ्यावा का? हजार, दहा हजार आणि पन्नास हजारांचा हिशेब

गाणं फोनमध्ये असो की टीव्हीत, ते आकड्यांच्या रूपात असतं. त्याचा अ‍ॅम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करतो तो डॅक. हजार-दोन हजारांच्या नीट बनवलेल्या डॅकच्या वर मोजलेला पैसा कानापर्यंत पोचत नाही, हे आमचं स्पष्ट मत.

टीव्हीच्या ऑप्टिकलला, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या वायरीच्या जोडाला, लावायच्या चार-पाचशेच्या डॅकच्या डबीत खरखर असेल, तर आधी तिचा चार्जर काढून पॉवर बँक लावून पाहा. खरखर थांबली तर दोष चार्जरचा. आवाजच येत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या आकड्यांवर करा; डॉल्बीचा दाबून भरलेला सिग्नल या डबीला उलगडता येत नाही.

अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते हेडफोन जोड हजाराच्या आसपास मिळतो आणि त्याचा आवाज स्वच्छ आहे. काही अँड्रॉइड फोनवर तो हळू वाजतो, एवढं तपासून घ्या. सीडीच्या 16 बिटांत सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मिळतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू असला की त्यातला बारीक भाग तसाही बुडतो.

मग दहा हजारांचा डॅक दुकानात सरस का वाटतो? बहुतेक वेळा तो जोरात वाजतो म्हणून. जोडाचं आउटपुट 1 व्होल्टच्या आसपास, टेबलावरच्या डॅकचं 2 व्होल्ट. म्हणजे 6 डेसिबलचा फरक, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार लागतो. तुलना करायची तर 200 हर्ट्झचा टोन वाजवा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि दोन्ही डॅकवर एकच माप आणा. 2 व्होल्टला 0.02 पेक्षा जास्त फरक नको. दोन-तीनशेच्या पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात लहान रेंज बहुधा 200 व्होल्टची असते, तिथे हे माप निघत नाही. रेंज आपोआप निवडणारा, ऑटोरेंज मीटर लागतो. मग डॅक दुसऱ्याला बदलायला लावा आणि कोणता चालू आहे ते न बघता ओळखा. 2007 साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने नोंदवलेला आवाज आणि तोच सीडीच्या दर्जावर आणलेला आवाज असे ताडून ऐकवले. 554 वेळांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे छापा-काटा.

गावात खरा त्रास ‘घूं’चा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच घूं थांबली, तर तो अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून वायरीत फिरणारा करंट. ऑप्टिकल वायरीने तो तुटतो, कारण तिच्यातून वीज जातच नाही. प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, शॉक बसेल. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो; न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये 3-4 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर खड्ड्यात पाणी टाका, तरी उतरलं नाही तर वायरमनला दाखवा.

उरलेला पैसा स्पीकरवर आणि खोलीवर लावा. टिनाचं छप्पर आणि उघड्या सिमेंटच्या भिंती असल्या की शब्द घुमतात. पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी दोन्ही बाजूंच्या भिंतींना, स्पीकर आणि बसायची जागा यांच्या मधोमध उभी करा. भजनातल्या टाळांचा कर्कशपणा लगेच उतरतो, आणि हा फरक कुणालाही ऐकू येतो.

दहा हजारांचा डॅक घ्यावा तो ऑप्टिकल, यूएसबी आणि रिमोट एकाच डब्यात हवे असतील, किंवा जास्त व्होल्ट मागणारे 300 ओहमचे हेडफोन चालवायचे असतील तेव्हा; त्यातही हेडफोन चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर आतच आहे ना, ते बघून. पन्नास हजारांचा घेऊ नये. नागपूरला सीताबर्डीत घ्या की ऑनलाइन, परत करायची मुदत आधी विचारा आणि वरची चाचणी त्या मुदतीतच उरका.