विहिरीतून एक्झेटरच्या तलावात: अकरा महिन्यांचा अनुभव

मी पोहायला शिकलो ते साताऱ्याजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पैसे भरून पोहायला जाणं मला बरीच वर्षं पटतच नव्हतं. नोकरीसाठी इंग्लंडमधल्या एक्झेटरला आलो, इथल्या थंडीत पाठ धरायला लागली, तेव्हा एका खाजगी जिममध्ये नाव घातलं. तिथे तलावावर गेलं की डोळे चुरचुरायचे आणि बाहेर आलं की दात वाजायचे. चार महिन्यांत सोडलं.

मग सेंट सिडवेल्स पॉइंट या पोहण्याच्या आणि जिमच्या केंद्रात जायला लागलो. आठवड्यातून तीनदा, आता अकरा महिने.

नगरपालिकेचं हे केंद्र २९ एप्रिल २०२२ला सुरू झालं, जुन्या बस स्टँडच्या जागेवर, अगदी भर शहरात. त्याआधी गावाचं पोहणं हेवीट्री रोडवरच्या ‘पिरॅमिड्स’मध्ये आणि बाकीचे खेळ क्लिफ्टन हिलच्या क्रीडाकेंद्रात. क्लिफ्टन हिलच्या छपराचं २०१८च्या बर्फात नुकसान झालं, ते पुन्हा उघडलंच नाही. नवं झाल्यावर पिरॅमिड्सही मिटलं. चार कोटी पौंडांच्या वर खर्च, तोही साताऱ्याएवढ्या शहराला. त्यावर इथे भरपूर वाद झाले. मीही ऑफिसात ‘कशाला एवढं’ म्हणणाऱ्यांतलाच होतो.

मत बदललं ते हवेमुळे. पाण्यातून बाहेर आलो आणि हुडहुडी भरली नाही. नाकात क्लोरीन नाही, काचांवर पाण्याचे ओघळ नाहीत. पासिव्हहाउस पद्धतीने, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देता अगदी कमी ऊर्जेत चालेल असं बांधलेलं हे ब्रिटनमधलं पहिलं क्रीडाकेंद्र, हे आधी वाचलं होतं, पण ते कागदावरचं वाटत होतं.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला हे सांगत होतो. तलावाची सगळ्यात जास्त उष्णता वाफेवाटे जाते. हवा दमट ठेवली तर वाफ कमी होते, पण साध्या इमारतीत मग थंड काचांवर, भिंतींत पाणी सुटतं आणि छप्पर खराब होतं. इथे तिहेरी काचा आणि भिंतींना जाड आवरण. काच आतून थंड पडत नाही, म्हणून हवा थोडी दमट ठेवून चालते. जर्मनीत बामबर्गला २०११ पासून असा तलाव चालू आहे.

आई म्हणाली, “म्हणजे पावसाळ्यातला माठ की रे. हवा दमट असली की त्यात पाणी गार होतंय का?”

मी गप्प झालो. माझं ओलं अंग म्हणजे माठच. उन्हाळ्यातल्या माठासारखं गार पडत नाही, एवढंच.

क्लोरीनचं कोडं वेगळं. इथे पाणी अतिशय बारीक गाळणीतून फिरवतात, त्यामुळे औषध कमी लागतं.

आता सोयी. पंचवीस मीटरचा आठ लेनचा मोठा तलाव, वीस मीटरचा दुसरा, बाळांसाठी वेगळा, वर मोठी जिम आणि स्पा. जिम मी दोनदाच पाहिली, स्पा एकदाही नाही. वीस मीटरच्या तलावाचा तळ वर-खाली करता येतो, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त वापर त्याचाच झाला. आईचे गुडघे दुखतात, पाण्यात उतरायची भीती. तळ वर घेतलेला असेल तेव्हा ती पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून कमरेएवढ्या पाण्यात चालायची. पहिल्या दिवशी कठडा सोडेना. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या इंग्रज आजीबाईंना हातवारे करून मळ्यातली विहीर किती खोल ते सांगत होती.

विहिरीवरून आठवलं. सिडवेल ही इथली संत. सावत्र आईने कापणीवाल्यांकरवी विळ्याने तिचा जीव घेतला आणि तिथे झरा फुटला, अशी कथा आहे. जुन्या चित्रांत तिच्याजवळ विळा आणि विहीर असते. मी मात्र पहिल्याच आठवड्यात सवयीने मुटका मारला आणि जीवरक्षकाची शिट्टी खाल्ली. चूक माझीच, पाटी समोरच होती.

खटकतं ते एवढंच की बॅडमिंटनचा हॉल नाही. माझ्यासारख्या देशी माणसाला ते लागतंच, त्यासाठी नदीपलीकडे रिव्हरसाइडला जावं लागतं. एवढा पैसा घातला तर पन्नास मीटरचा तलाव हवा होता, असंही वाटतं. पण पन्नास मीटर पाणी गरम ठेवायचं बिल कोण भरणार, हे माठाचं गणित कळल्यापासून ते मोठ्याने म्हणत नाही. गाडीने येणाऱ्यांसाठी केंद्राचा स्वतःचा वाहनतळ नाही, जवळच्या सार्वजनिक पार्किंगमध्ये लावा. बसने आलात तर नवा स्टँड शेजारीच.

वार्षिक सभासदत्व मी पुन्हा घेतलंय. आई मार्चमध्ये परत गेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर जेवलास का विचारायच्या आधी विचारते, “आज तळ वर होता का खाली?”