शेड्युलर कोसळतोय: असर्ट, डिबगर, ट्रेस की डंप?

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड सहा-सात तास नीट चालतो आणि मग गप्प होतो. डिबगर (चिप थांबवून आत बघायचं साधन) जोडून बघावं तर प्रोग्राम कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात, व्ही-लिस्ट-इन्सर्ट या फंक्शनमधल्या दोन ओळींच्या फॉर लूपमध्ये गोल गोल फिरतोय. आपला कोड कॉल स्टॅकमध्ये धड दिसतसुद्धा नाही. फ्रीआरटीओएस या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या बऱ्याच जणांना हे दृश्य ओळखीचं असेल. कर्नल लिहिणाऱ्यांनाही ते ओळखीचं आहे. त्यांनी त्या लूपच्या डोक्यावर मोठी कॉमेंटच लिहून ठेवली आहे: इथे अडकला असाल तर स्टॅक ओव्हरफ्लो (टास्कची तात्पुरती मेमरी ओसंडणं) झाला असेल, इंटरप्टची (हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेची) प्रायॉरिटी चुकली असेल, क्रिटिकल सेक्शनमधून (इंटरप्ट थोपवून चालणाऱ्या कोडमधून) एपीआय, म्हणजे कर्नलचं फंक्शन, बोलावला असेल, किंवा तयार न केलेला क्यू (डेटाची रांग) वापरला असेल. म्हणजे आधी स्वतःच्या घरात शोधा.

शेड्युलर, म्हणजे आता कुठलं काम (टास्क) चालवायचं हे ठरवणारा कर्नलचा भाग, हा शेवटी टास्कच्या याद्याच. एक टास्क दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. कुणीतरी कधीतरी एक बोट मोडतं, आणि कर्नल पुढे केव्हातरी त्याच वाटेने जाताना पडतो. जिथे पडलं तिथे घाव घातलेला नसतो. त्यामुळे साधन निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: घाव आणि मरण यांच्यात किती वेळ गेला असेल? दुसरा प्रश्न, बोर्ड माझ्या टेबलावर आहे की गिऱ्हाइकाच्या छतावर?

खालचं सगळं कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ प्रोसेसर असलेल्या चिपा समोर ठेवून लिहिलं आहे.

असर्ट आणि कर्नलच्या स्वतःच्या तपासण्या

असर्ट म्हणजे कोडमध्येच लिहिलेली तपासणी: अट खोटी निघाली की प्रोग्राम तिथेच थांबतो. या तपासण्या फुकट आहेत, आणि तरी सगळ्यात शेवटी आठवतात. फ्रीआरटीओएसमध्ये कॉन्फिग-असर्ट नावाचा मॅक्रो आहे. तो रिकामा ठेवला तर कर्नल काहीच तपासत नाही. भरला, तर इंटरप्टमधून बोलावायच्या प्रत्येक एपीआयच्या सुरुवातीला चालू इंटरप्टची प्रायॉरिटी तपासली जाते.

याचं महत्त्व मला एका मोटर कंट्रोलरच्या कामात कळलं. चिप एसटीएम३२एफ४, म्हणजे प्रायॉरिटीचे ४ बिट, ० ते १५ पातळ्या. इथे आकडा जितका लहान तितका इंटरप्ट वरचढ, आणि फ्रीआरटीओएसच्या टास्कमध्ये नेमकं उलटं, मोठा आकडा वरचढ. या उलट्यासुलट्या हिशेबाने किती लोकांच्या रात्री खाल्ल्या असतील देव जाणे. आमच्याकडे कर्नलची मर्यादा ५ होती: ५ ते १५ मधले इंटरप्ट एपीआय बोलावू शकतात, ० ते ४ मधल्यांनी कर्नलला हात लावायचा नाही. एका डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) इंटरप्टला प्रायॉरिटी द्यायची राहून गेली. न दिलेली प्रायॉरिटी म्हणजे शून्य, म्हणजे सगळ्यांत वरचढ. आणि तो इंटरप्ट क्यूमध्ये डेटा टाकत होता.

कर्नल आपल्या याद्या हलवताना बेसप्राय रजिस्टरने ५ ते १५ मधले इंटरप्ट थोपवतो. शून्यवाला थांबतच नाही. टिकचा (कर्नलच्या ठरावीक ठोक्याच्या इंटरप्टचा) हँडलर झोपलेल्या टास्कची यादी हलवत असताना हा मध्येच घुसला आणि त्याच यादीला हात घातला, की साखळी तुटली. ही खिडकी काही मायक्रोसेकंदांची. म्हणून सहा-सात तासांतून एकदा.

आम्ही तीन दिवस ट्रेस बघत बसलो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की फ्लॅश वाचवायला कॉन्फिग-असर्ट रिकामा केलेला आहे. चालू केला. बोर्ड सुरू झाल्यावर दोन सेकंदांत असर्ट लागला, नेमका त्या डीएमए हँडलरमध्ये. कारण असर्ट मोडतोड शोधत नाही, नियम मोडला का ते बघतो. नियम तर पहिल्याच इंटरप्टला मोडला होता. मोडतोड व्हायला मात्र नशीब जुळून यावं लागत होतं.

स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी इतकी खणखणीत नाही. टास्क तयार होताना कर्नल त्याचा स्टॅक ए५ या बाइटने भरतो, आणि दुसऱ्या पद्धतीची तपासणी लावली तर टास्क बदलताना टोकाचे थोडे बाइट शाबूत आहेत का ते पाहतो. पण फक्त टास्क बदलताना. आणि एखाद्या फंक्शनने मोठा ॲरे स्टॅकवर घेऊन टोकाच्या बाइटना न शिवता थेट पलीकडे उडी मारली, तर तपासणी हिरवा कंदील दाखवते. चिपमध्ये एमपीयू (मेमरीच्या हद्दी राखणारं युनिट) असेल तर गार्ड लावा, कॉर्टेक्स-एम३३ असेल तर स्टॅकची मर्यादा सांभाळणारं रजिस्टरच हार्डवेअरमध्ये मिळतं. झेफिर या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एमपीयूचा गार्ड कॉन्फिगमधल्या एका ओळीत चालू होतो. या एका बाबतीत मी झेफिरला झुकतं माप देतो.

जाता जाता: मूळ फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅकचं माप वर्डमध्ये (एक वर्ड म्हणजे इथे ४ बाइट) देतात, ईएसपी-आयडीएफमध्ये, म्हणजे ईएसपी३२ चिपांच्या सॉफ्टवेअर संचात, बाइटमध्ये. मूळ फ्रीआरटीओएसमधून १२८ चा आकडा तसाच उचलून ईएसपी३२ वर आणलात, तर ५१२ बाइटच्या जागी १२८ बाइट पदरात पडतात. पहिल्या प्रिंटएफला खेळ खलास.

डिबगर जोडून थांबवणं

हार्डफॉल्ट (चूक झाल्यावर प्रोसेसर स्वतःच फॉल्ट हँडलरमध्ये जाणं) येत असेल, आणि पुन्हा पुन्हा आणता येत असेल, तर याला तोड नाही. फॉल्ट येताना प्रोसेसर आठ वर्ड स्टॅकवर ठेवून देतो: आर० ते आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी (चालू सूचनेचा पत्ता) आणि एक्सपीएसआर. हँडलरमध्ये शिरताना एलआरमध्ये जी किंमत असते तिच्या बिट २ वरून कळतं की ते मुख्य स्टॅकवर आहेत की टास्कच्या. तिथला पीसी वाचा, सीएफएसआर या फॉल्टचं कारण सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये कुठला बिट लागलाय ते बघा. पीसीमध्ये ए५ए५ए५ए४ (शेवटचा बिट पीसीत गळतो) दिसलं तर समजा की न वापरलेल्या स्टॅकमधून पत्ता उचलला गेलाय, आणि तपास अर्ध्यावर आला.

एक खाच आहे. बस फॉल्ट 'इम्प्रिसाइझ' असेल तर पीसी खोटं बोलतो, कारण लिहिण्याचं काम बफरमध्ये अडकून मागाहून फसलेलं असतं. एम३ आणि एम४ वर हा राइट बफर बंद करायचा बिट आहे. तपासापुरता तो बंद करा, वेग थोडा कमी होईल, पण पीसी खरा मिळेल.

डिबगरची खरी ताकद मात्र वॉचपॉइंटमध्ये (ठरावीक पत्त्यावर लिहिलं की थांबवणाऱ्या सापळ्यात) आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. वॉचपॉइंट सांभाळणाऱ्या डीडब्ल्यूटी युनिटमध्ये सहसा चार कम्पॅरेटर असतात. यादीतला नेहमी मोडणारा पॉइंटर ठरलेल्या पत्त्यावर असेल, तर त्या पत्त्यावर लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे पकडता येतं. फक्त कर्नल स्वतःही त्या पत्त्यावर सेकंदाला शेकडो वेळा लिहितो, त्यामुळे यादीच्या मुळावर वॉचपॉइंट लावून फायदा नाही. सहसा न बदलणारी जागा निवडा, म्हणजे टास्कच्या स्टॅकचं टोक किंवा टीसीबीमधलं (कर्नलने टास्कची माहिती ठेवलेल्या नोंदीतलं) नाव.

आणि मोटर, हीटर, चार्जर जोडलेल्या बोर्डावर ब्रेकपॉइंट लावण्याआधी दोनदा विचार करा. कोअर थांबला तरी टायमर चालूच राहतात, ते थांबवण्याचा बिट तुम्ही लावला नसेल तर. पीडब्ल्यूएम (मोटरची ताकद ठरवणारी चालू-बंद लाट) शेवटच्या ड्युटीवर तसाच चालत राहतो आणि करंट सांभाळणारा लूप मात्र झोपलेला. आमच्याकडे एका मॉस्फेटने (करंटच्या स्विचने) हे धूर काढून समजावलं.

ट्रेस

सिस्टिमव्ह्यू किंवा ट्रेसलायझर असं ट्रेसचं सॉफ्टवेअर लावलं की कुठला टास्क केव्हा चालला, कुणी कुणाला थांबवलं, हे पट्ट्यांच्या चित्रात दिसतं. बघायला सुंदर, म्हणूनच लोक आधी तिकडे धावतात. दोन्हींना व्यावसायिक वापरासाठी परवाना लागतो, हेही खर्चात धरा.

वेळेचा घोटाळा असेल तर मात्र दुसरं काही चालत नाही. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण मंगळावरचं. नासाचं पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी उतरलं आणि काही दिवसांतच आपोआप रीसेट होऊ लागलं. आत व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. हवामानाचा डेटा घेणारा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून बसायचा, डेटा-बस सांभाळणारा वरचा टास्क त्याच म्युटेक्ससाठी ताटकळायचा, आणि मधल्या प्रायॉरिटीचे टास्क हवामानवाल्याला चालूच द्यायचे नाहीत. वरच्याचं काम वेळेत झालं नाही की सिस्टिम स्वतःला रीसेट करायची. इथे मेमरी शाबूत होती, एकही पॉइंटर मोडला नव्हता. डिबगरने थांबवून काय दिसलं असतं? थांबलेला टास्क, बस. पृथ्वीवरच्या जोड-यंत्रावर ट्रेस चालू ठेवून तोच प्रकार घडवला, तेव्हा क्रम दिसला. त्या म्युटेक्सला प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला ताटकळणाऱ्याची प्रायॉरिटी देणं) चालू करून दुरुस्ती वर पाठवली. ट्रेसची सोय त्यांनी उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकली नव्हती, हे मला या गोष्टीत सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

पण मेमरी मोडत असेल तर ट्रेस फसवतो. तो कर्नलच्या हुकांमधून (नोंदीसाठी ठेवलेल्या ठरावीक जागांमधून) नोंद करतो. तुमचे स्वतःचे इंटरप्ट तुम्ही हाताने नोंदवले नाहीत तर ते चित्रात येतच नाहीत. आमचा डीएमए इंटरप्ट असाच अदृश्य होता. तीन दिवस आम्ही निरपराध टास्कांच्या पट्ट्या मोजत होतो. शिवाय ट्रेस चालू केल्यावर वेळा थोड्या सरकतात, आणि बग कधीकधी लाजून पळून जातो.

परवान्याचे पैसे नसतील तर टास्क बदलताना एक पिन वरखाली करा आणि स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर लावा. कुरूप आहे, पण निम्म्या प्रश्नांना पुरतं.

डंप

बोर्ड शेतातल्या पंपावर असेल तर वरचं सगळं बाजूला, तिथे डंप, म्हणजे मरतानाच्या स्थितीची साठवलेली नोंद. फॉल्ट हँडलरमध्ये ते आठ वर्ड, सीएफएसआर, चालू टास्कचं नाव आणि स्टॅकचा थोडा तुकडा अशा मेमरीत ठेवा जी रीसेटनंतर पुसली जात नाही. जागेची सबब सांगू नका, एसटीएम३२एफ४०७ मध्ये बॅकअप रजिस्टरच ८० बाइट आहेत, शिवाय ४ किलोबाइट बॅकअप एसरॅम. ईएसपी-आयडीएफ आणि झेफिर दोघांत कोअर डंप तयार मिळतो. डंप फक्त मरणाचा क्षण दाखवतो, घावाचा नाही. तरी दहा बोर्डांचे दहा डंप शेजारी ठेवले आणि सगळ्यांत तोच टास्क निघाला, तर टेबलावर काय घडवून बघायचं ते कळतं.

मग घ्यायचं काय?

नवीन प्रोजेक्ट असेल तर असर्ट आणि स्टॅकची तपासणी पहिल्या दिवशी, डंप पहिलं युनिट बाहेर जायच्या आत. यावर मी वाद घालणार नाही. फ्लॅश अपुरा पडतोय म्हणून असर्ट काढायचा असेल, तर आधी प्रिंटएफ काढा, त्यात जास्त जागा सुटेल.

आज क्रॅश समोर आहे आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचे आहेत, तर बघा: बोर्ड हार्डफॉल्टने मरतोय की वेळ चुकवतोय? मरत असेल तर चांगला डिबग प्रोब घ्या आणि वॉचपॉइंट शिका. वेळ चुकवत असेल, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की रीसेट करणारा टायमर) लागत असेल, तर ट्रेसचा परवाना घ्या. दोन्हींची खात्री नसेल तर काहीच विकत घेऊ नका, असर्ट चालू करून एक रात्र बोर्ड चालू ठेवा.

आणि प्रत्येक रिलीजची ईएलएफ फाइल (कुठला पत्ता कुठल्या फंक्शनचा हे सांगणारी बिल्डची फाइल) जपून ठेवा. ती नसेल तर डंपमधला पीसी म्हणजे नुसता आकडा. आमच्याकडे एकदा डंप होता, फाइल नव्हती, आणि त्याच कमिटवरून पुन्हा बिल्ड केलं तर कंपायलरची आवृत्ती बदललेली. पत्ते जुळले नाहीत.