बिझनेस क्लासमधली ‘साइड लोअर’ कुठली?

आमचा धंदा टॉवेलचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग आहेत, आणि दर जानेवारीत सॅम्पलच्या दोन बॅगा घेऊन फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टील या कापडाच्या प्रदर्शनाला जायचं हा वर्षानुवर्षांचा नेम. इकडं गड्ड्याची जत्रा भरलेली, नंदीध्वज निघालेले, आणि आम्ही तिकडं थंडीत टेरीचे नमुने मांडून उभे. २०२५ ला तर प्रदर्शन १४ ते १७ जानेवारी, म्हणजे ऐन संक्रांतीत. घरातून त्यावर जे ऐकून घ्यावं लागतं ते इथं लिहीत नाही.

बरीच वर्षं इकॉनॉमीनंच गेलो. माझी उंची सहा फूट. तीन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पोरगं म्हणालं, “पप्पा, आता बास. बिझनेसनं जावा.” कार्डाचे पॉइंट साठलेले होते, थोडे पैसे वर घातले आणि गेलो. पहिल्या फेरीत वाटलं होतं, एवढे पैसे मोजलेत म्हणजे कुठंही बसवलं तरी राजेशाही. तसं काही नसतं हे मुंबई सोडल्यावर अर्ध्या तासात कळलं.

खरं तर हे आपल्याला कळायला हवं होतं. सोलापूरचा माणूस सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला निघतो तेव्हा तिकिटाचे पैसे सगळ्यांचे सारखेच, पण साइड अपरवाल्याचे पाय रात्रभर दुमडलेले, आणि दाराजवळच्याला रात्रभर संडासाच्या दाराची धाडधाड. एसटीत आपण चाकावरची सीट टाळतो, मागचा बाक टाळतो. विमानात मात्र कंपनीचं नाव बघून खूश होतो आणि सीट मशीन देईल ती घेतो. माझा अनुभव असा, की कंपनी नंतर बघा. आधी विमान कुठलं, मग मांडणी कशी, मग सीट नंबरातली रांग आणि अक्षर.

मांडणीचं पहिलं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघायचाच. एअर इंडियाच्या ड्रीमलायनर ७८७-८ ची जुनी मांडणी २-२-२, म्हणजे एका रांगेत दोन-दोनच्या तीन जोड्या आणि मध्ये दोन पॅसेज, सगळ्या मिळून १८ सीट. एमिरेट्सच्या बोइंग ७७७ मध्ये जुनी मांडणी २-३-२, म्हणजे बिझनेस क्लासमध्येसुद्धा मधली सीट! लुफ्तान्साचं ७४७-८ हे दुमजली. वरच्या मजल्यावर २-२ अशा ३२ सीट, जिना चढून जायचं, खिडकीखाली सामानाला लांब कप्पा. आणि १-२-१ म्हणजे प्रत्येकाला आपापली वाट. एअर इंडियाचं २०२४ मध्ये आलेलं ए३५० याच मांडणीचं, त्यात २८ सीट.

आता २-२-२ मध्ये एकट्यानं जायचं असेल तर खिडकी अजिबात घेऊ नका. मी घेतली होती. शेजारी एक जर्मन गृहस्थ, बेड पूर्ण उघडून, डोळ्यांवर पट्टी लावून झोपलेले. मला तीन वाजता उठायचं होतं (साखरेची गोळी चालू आहे, समजून घ्या). ऑपरेशनचा गुडघा उचलून झोपलेल्या परक्या माणसावरून ओलांडून जाणं म्हणजे मिडल बर्थ उघडल्यावर लोअरवाल्यानं ताठ बसायचा प्रयत्न करण्यासारखंच. त्या मांडणीत मधल्या जोडीतली सीट घ्यायची. दोघांनाही आपापला पॅसेज, ना तुम्ही कुणाला ओलांडायचं, ना कुणी तुम्हाला. खिडकीची हौस बायकोबरोबर जाताना भागवा.

तुम्ही म्हणाल, मग १-२-१ असली की प्रश्न मिटला. मिटत नाही, खरी गंमत तिथंच सुरू होते.

या बेडमध्ये सगळी जागा पायांच्या ठिकाणी चोरलेली असते. एका सीटची लांबी पुढच्या सीटच्या शेजारच्या टेबलाखाली घुसवतात, म्हणजे तुमचे पाय एका खोक्यात जातात. बेड साडेसहा फूट म्हणून जाहिरात करतात ते खरंच असतं, पण त्यातला शेवटचा फूट-दीड फूट हा त्या खोक्याचा. कुशीवर झोपणाऱ्या माणसाला गुडघे दुमडायला जागा लागते, आणि खोकं अरुंद असेल तर रात्रभर पाय गोणीत बांधल्यासारखे. यावर एक उपाय बहुतेक ठिकाणी लागू पडतो, तो म्हणजे भिंतीजवळची पहिली रांग. पुढं कुणाची सीट नसल्यामुळं पाय ठेवायची जागा रुंद मिळते. पण त्याचीही किंमत आहे. बाळाचा पाळणा लावायची सोय त्याच भिंतीला असते, आणि भिंतीपलीकडं बरेचदा किचन. मी एकदा पाय लांब करायच्या मोहात तिथं बसलो आणि रात्रभर ट्रॉल्यांचे ब्रेक, कपाटांच्या कड्या आणि पडद्याच्या फटीतून येणारा पांढरा उजेड. माझ्या कारखान्यात रात्रपाळीला यापेक्षा चांगली झोप लागते. तेव्हापासून माझा हिशोब असा, की किचन नेमकं कुठं आहे ते नकाशात बघायचं, ते दोन रांगा लांब असेल तरच पहिली रांग.

नकाशा म्हणजे कंपनीच्या साइटवर दिसतो तो नव्हे. तिथं सगळे चौकोन सारखेच दिसतात. एअरोलोपा नावाची साइट आहे, तिथं प्रत्येक विमानाचा मापात काढलेला आराखडा मिळतो. कुठली सीट खिडकीला चिकटून आहे, कुठली पॅसेजकडं सरकलेली आहे, कुठल्या सीटसमोर खिडकीच नाही, सगळं दिसतं. आमच्या डिझायनरला मी ते दाखवलं तर तो म्हणाला, “मालक, हे तर जॅकार्डच्या ग्राफवानी हाय की ओ.” खरंच तसंच आहे, नक्षी विणायच्या ग्राफसारखं चौकोन मोजत बसायचं.

ते का मोजायचं हे एका उदाहरणावरून सांगतो. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये बिझनेस क्लास वरच्या मजल्यावर आहे, १-२-१. कडेची प्रत्येक सीट ‘खिडकी’ म्हणूनच दाखवतात, पण रांगा आलटून पालटून आहेत. ए आणि के अक्षराच्या सीट खरोखर खिडकीला लागून, टेबल पॅसेजच्या बाजूला, म्हणजे आडोसा आपोआप मिळतो. बी आणि जे मध्ये टेबल खिडकीकडं आणि माणूस पॅसेजला, येणाऱ्या-जाणाऱ्याचं कोपर खांद्याला. भाडं एकच! कतारच्या क्यूसुइटमध्येही (हे २०१७ ला आलं, सरकत्या दाराची खोलीच म्हणा) अक्षरांचा हिशोब तसाच, ए आणि के खिडकीला चिकटून. फरक एवढाच, की तिथं या सीट उलट्या तोंडाच्या आहेत, विमान पुढं आणि तुम्ही मागं बघत. काही लोक त्यानं बिचकतात. सोलापूरकराला वंदे भारतच्या चेअर कारनं उलटं बसून पुणं-मुंबई गाठायची सवय २०२३ पासून लागलेली आहे, आपल्याला काही वाटत नाही. विमान वर चढताना अंग थोडं पुढं, पट्ट्यावर येतं, तेवढंच. फक्त क्यूसुइट कतारच्या सगळ्या विमानांत नाही, त्यांच्या ७८७-८ मध्ये नाही, त्यामुळं परत तेच. आधी विमान बघा.

मधल्या जोडीतल्या अक्षरांनाही अर्थ आहे. या दोन्हीत ई आणि एफ एकमेकांना लागून, डी आणि जी एकमेकांपासून लांब. क्यूसुइटमध्ये ई-एफची मधली भिंत खाली करून डबल बेड होतो. सौ.ना एकदा बरोबर नेलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं ई-एफ घेतल्या. त्यांनी अर्धा तास कौतुकानं सगळी बटणं दाबून बघितली, मग म्हणाल्या, “ती भिंत वर करा बरं, तुमचं घोरणं ऐकायला मी एवढ्या लांब आले नाही.” भिंत वर केली.

एक नवीन प्रकार आलाय तो सांगून ठेवतो, कारण त्यात खिसा कापला जाऊ शकतो. लुफ्तान्सानं २०२४ मध्ये म्युनिकहून ए३५० मध्ये अलेग्रिस नावाचं केबिन सुरू केलं. त्यात एकाच बिझनेस क्लासमध्ये वेगवेगळ्या जातीच्या सीट आहेत. पुढं दार असलेली खोली, मागं जास्त आडोशाची सीट, आणि एक २.२० मीटर लांबीचा बेड, म्हणजे सव्वासात फूट. माझ्यासारख्याला वरदानच. पण यातल्या चांगल्या सीटना बिझनेसच्या तिकिटावर आणखी पैसे पडतात. आधी मला याचा राग आला होता. मग विचार केला, आपणही त्याच मापाच्या टॉवेलचा ४०० जीएसएमला (म्हणजे कापडाच्या वजनाला) एक भाव घेतो आणि ६०० ला दुसरा. निदान काय विकतोय ते सांगून विकतात.

न सांगता विकलेलं मात्र मी भोगलंय. कंपनीचं नाव घेत नाही. दोन महिने आधी खिडकीची एकेरी सीट निवडून निवांत होतो. गेटवर मशीननं पास वाचला, टुण्ण वाजलं आणि बाईंनी नवा पास हातात दिला. विमान बदललं होतं. बदली विमान २-३-२ चं, आणि मी तिघांतला मधला. भाड्याचा फरक? काही नाही, तुमचा क्लास तर तोच आहे ना! तेव्हापासून निघायच्या तीन दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा बुकिंग उघडून विमानाचा प्रकार आणि सीट नंबर तपासतो. बदललेलं दिसलं की लगेच फोन, कारण चांगल्या जागा त्याच दिवशी जातात.

ज्यांना हेलकाव्यांची भीती वाटते त्यांनी पंखाजवळ बसावं, तिथं कमी जाणवतात. पुढं बसलं तर इंजिनाचा आवाज मागं राहतो. ७८७ आणि ए३५० मध्ये केबिनची हवा सहा हजार फुटांवरच्यासारखी राखतात, जुन्या विमानांत ती आठ हजारांपर्यंत जाते, त्यामुळं नवीन विमानातून उतरल्यावर डोकं कमी जड होतं. ७८७ च्या खिडकीला झडप नाही, बटणानं काच काळी होते. तिचा ताबा क्रूकडंही असतो, तेव्हा सूर्योदय बघायचं ठरवून बसू नका.

थेट जायचं की मध्ये उतरून? मुंबईहून फ्रँकफर्ट थेट नऊएक तास. दोहाकडून गेलं तर आधी चारेक तास, मग साडेसहाच्या आसपास. उत्तम सीट, पण झोपेचे दोन तुकडे. पहिल्या टप्प्यात जेवण उरकेपर्यंत उतरायची घोषणा होते. मी जाताना थेट जातो, मांडणी जुनी असली तरी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलवर उभं राहायचं असतं. येताना घाई नसते, तेव्हा दोहा किंवा दुबई, आणि ए नाहीतर के.

जेवणाचं थोडक्यात: शाकाहारी जेवण आधीच नोंदवा, आणि रात्रीच्या विमानात चढल्या चढल्या क्रूला सांगा की नाश्त्याला उठवू नका. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी असतेच.

अंथरुण-पांघरुणाबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही, धंदाच तो आहे. चढल्यावर चिमट्यानं गरम टॉवेल देतात. लोक तोंड पुसतात, मी उलटा करून लूप बघतो. बहुतेक ठिकाणी पातळ, दोन धुण्यांत मान टाकणारा माल. रजई दिसायला फुगीर, पण वरचं कापड कापसाचं नसेल तर दोन तासांत घाम फुटतो. गादीची वेगळी पातळ वळकटी मिळते का हे नक्की विचारा, कारण सीटचा बेड झाला तरी सांधे राहतात आणि ते नेमके कमरेखाली येतात. काही कंपन्यांत ती मागितल्याशिवाय देत नाहीत. मी आमची एक सिंगल चादर बॅगेत ठेवतो. वजन होतं, पण विमानात ना गार पडत ना घाम येत. एका हवाई सुंदरीनं हात लावून विचारलं होतं, कुठली म्हणून. सॅम्पल म्हणून देऊन टाकली, ऑर्डर अजून आलेली नाही.

यंदाच्या जानेवारीसाठी तीन संध्याकाळी एअरोलोपा उघडून बसलो होतो. जाताना मधल्या जोडीतली, किचनपासून चार रांगा लांब. येताना के, खिडकीला चिकटून. दोन्ही सीट पक्क्या झाल्या. सोलापूर-मुंबई वंदे भारतचं तेवढं वेटिंगवर आहे.