आठ महिने वापरल्यावर: झाकण उघडलं की कामं गायब

लॅपटॉप घेऊन आठ महिने झाले. कीबोर्ड, स्क्रीन, वेग यांबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. लिहायचंय ते झोपेबद्दल, लॅपटॉपच्या.

दुसऱ्या महिन्यापासून हा प्रकार सुरू झाला. रात्री झाकण मिटवायचं, सकाळी उघडायचं, तर उघडलेल्या फाइल्स गायब, विंडोज नव्याने सुरू झालेलं. विंडोज कोसळल्यावर येते ती निळी स्क्रीनही कधी दिसायची नाही. मी धरून चाललो की स्लीपमधून, म्हणजे झोपेतून, उठताना तो कोसळतोय. याच एका समजुतीपायी तीन महिने गेले.

त्या काळात जे सगळे करतात तेच मीही केलं. रॅमची चाचणी रात्रभर चालवली, चूक निघाली नाही. बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू करण्याची सोय, बंद केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, जाऊन 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा, असं जो तो सांगतो. माझ्याकडे पॉवर मॅनेजमेंटचा तो टॅबच नव्हता. मशीनला झोपेचे कोणते प्रकार जमतात ते सांगणारी 'पॉवरसीएफजी /ए' ही कमांड दिल्यावर कारण कळलं. या मशीनमध्ये रॅम सोडून जवळपास सगळं बंद करणारी जुनी एस३ झोप नाहीच, आहे ती फोनसारखी अर्धजागी मॉडर्न स्टँडबाय, आणि अशा मशीनवर तो टॅब बऱ्याचदा दिसत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ची लाल नोंद रोज सापडायची. ती पाहून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. कामाची गोष्ट तिच्या तपशिलात दडलेली असते: बगचेककोड, म्हणजे कोसळण्याच्या कारणाचा क्रमांक. तिथे शून्य असेल तर वीज गेली किंवा मशीन जागीच गोठलं, अशी शक्यता जास्त. माझ्याकडे १५९ होता. हा आकडा दशमान पद्धतीतला आहे. निळ्या स्क्रीनच्या भाषेत तोच ९एफ, म्हणजे कुठल्या तरी ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) झोपण्या-उठण्याचा हुकूम घेतला आणि पुरा केलाच नाही.

खरा धागा सापडला तो ६००८ क्रमांकाच्या नोंदीत. आधीचं सत्र कितीच्या सुमारास अचानक संपलं, ते ती सांगते. वेळ होती पहाटे पावणेतीनची! झाकण मी पावणेबाराला मिटवलं होतं. म्हणजे तो सकाळी उठताना कोसळतच नव्हता. तीन तास स्टँडबायमध्ये राहिल्यावर सेटिंगप्रमाणे तो आपोआप हायबरनेटमध्ये (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) जायला निघायचा, तिथेच अडकून कोसळायचा आणि रीस्टार्ट होऊन झाकणाखाली जागाच बसायचा. सकाळी हाताला कोमट का लागायचा आणि बॅटरी अर्धी का व्हायची, त्याचाही उलगडा झाला. दुपारी अर्धा तास मिटवला तर काही व्हायचं नाही, कारण तेवढ्यात हायबरनेटची पाळीच यायची नाही.

मग रात्रीची वाट पाहायचं कारण उरलं नाही. पॉवर मेनूत हायबरनेटचा पर्याय आणला आणि दिवसाउजेडी दाबला. स्क्रीन काळी, पंखा सुरूच, काही मिनिटांनी रीस्टार्ट. हवं तेव्हा पाडता येऊ लागल्यावर संशयित शोधणं सोपं झालं. एकेक वायर काढत गेलो. यूएसबीला लावलेला नेटवर्क अडॅप्टर काढला आणि हायबरनेट बिनतक्रार झालं. पुन्हा लावला, पुन्हा कोसळला. मिनिडंप, म्हणजे कोसळताना विंडोज साठवतं ती छोटी फाइल, उघडून पाहिला, तर त्यातही त्याच ड्रायव्हरचं नाव.

अडॅप्टरसोबत डब्यात आलेला ड्रायव्हर फाइलींसकट काढून टाकला आणि आतल्या चिपच्या कंपनीचा नवा बसवला. त्यानंतर शट डाउन नव्हे, रीस्टार्ट केलं. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन म्हणजे अर्धवट हायबरनेटच असतं. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर ठेवला जातो आणि परत तोच उचलला जातो. मी फास्ट स्टार्टअप आधीच बंद केलं होतं खरं, पण सवय लागलेली बरी.

हायबरनेट कायमचं बंद करा, डिस्कवरची जागाही सुटेल, असा सल्लाही मिळाला होता. १६ जीबी रॅमला हायबरनेटची साधारण साडेसहा जीबीची फाइल डिस्कवर बसते हे खरं. पण हायबरनेट काढलं असतं तर रात्रभर स्टँडबायने बॅटरी खाल्ली असती.

गेले तीन महिने एकदाही कोसळला नाही. लॅपटॉपला पाचपैकी चार. अडॅप्टरला दोन, तेही नव्या ड्रायव्हरमुळे. झाकण उघडल्यावर ब्लूटूथ माउस अजून पाच-सात सेकंद हलत नाही. त्याच्या मागे मात्र मी लागणार नाही.